पोकिप्सीच्या मातीत विसावलेली आनंदी

मंडळी, डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट आपल्याला काही नवी नाही. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कॉलेजात असताना एका बैठकीत वाचून संपवलेली असते. २०१९ साली आलेला त्याच नावाचा सिनेमाही पुष्कळांनी पाहिला. त्यामुळे पुन्हा तीच गोष्ट कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रश्न आला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता मी परत आनंदीबाईंपाशी येऊन पोचले.

झालं असं, की आमची धाकटी चौथीत आहे. तिच्या एका मैत्रिणीने लंच टाइममध्ये तिला अगदी प्रेमाने सांगितलं, की स्वर्गात फक्त येशूला मानणारेच जातात, म्हणून मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. लेक घरी आली ती गप्पगप्प. रात्री झोपताना हळूच विचारलं, मग सांगलीची आजी कुठे गेली? माझी आई जाऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. मी काहीतरी गुळमुळीत बोलून दिवा मालवला, पण मला स्वतःला झोप लागली नाही.

त्या ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला म्हणून आम्ही न्यूयॉर्क राज्यात ह्युडसनच्या काठाने वर गेलो. वाटेत पोकिप्सी लागतं. स्पेलिंग बघून गोंधळू नका, इथले लोक पकिप्सी म्हणतात. तिथल्या पोकिप्सी रूरल सेमेटरीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आनंदीबाईंच्या अस्थी पुरलेल्या आहेत. वर दगड आहे. त्यावर नाव, एम. डी. ही पदवी, १८६५ ते १८८७ हा काळ, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर. एक हिंदू मुलगी, बाप्तिस्मा न घेता गेलेली, ख्रिस्ती कुटुंबाच्या दफनभूमीत. लेकीच्या प्रश्नाचं काहीतरी इथे दडलंय, असं मला त्या दगडापाशी वाटलं. म्हणून ही गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न झालं ते पोस्टात नोकरी करणाऱ्या, वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी, गोपाळराव जोशींशी. लग्नात नाव आनंदी ठेवलं. गोपाळराव विक्षिप्त, तापट, पण बायकोला शिकवायचंच या एका गोष्टीचं त्यांना वेड. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईमाणसाला आणि तान्ह्या बाळाला दाखवायला डॉक्टरीण असती तर, हा सल तिथपासून त्यांच्या मनात बसला तो कायमचा.

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी संधान बांधलं. बायकोला अमेरिकेत शिकवायचंय, मला तिकडे काम मिळेल का, अशी चौकशी. पूर्वी कोल्हापुरात काम केलेले रॉयल वाइल्डर नावाचे मिशनरी तेव्हा अमेरिकेत प्रिन्स्टनहून एक मिशनरी नियतकालिक काढत होते. त्यांनी ते पत्र छापलं आणि सोबत आपला सल्लाही छापला, की आधी ख्रिस्ताला शरण यावं, मग बघू. म्हणजे शिक्षणाच्या दारावर पहिली पाटी धर्माची!

तो अंक १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंच्या हाती पडला. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत चाळायला म्हणून त्यांनी तो उचलला होता. वाचून त्या अस्वस्थ झाल्या. मुलीला शिकायचंय आणि तिला अट घातली जातेय, हे काही त्यांना पटेना. त्यांनी थेट हिंदुस्थानात पत्र टाकलं. मग पत्रामागून पत्रं. सणवार, खाणंपिणं, दागिने, लग्नाच्या रीती, देवधर्म, सगळ्यावर दोघी लिहायच्या. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. कार्पेंटर मावशींनी धर्म बदलण्याची अट घातली नाही. घर उघडं आहे, ये, एवढंच सांगितलं.

२४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी लोकांसमोर भाषण केलं. नगर जिल्ह्यातलं आपलं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं. एकटी का जातेस, इथे का शिकत नाहीस, वाळीत टाकतील त्याचं काय, या सगळ्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरं दिली. त्यात एक गोष्ट त्यांनी स्वच्छ सांगून टाकली, की हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. वय वर्षं सतरा! ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली. बोटीवर सोबत मिशनरी बायकांची. ४ जूनला न्यूयॉर्कला पाय लागले, मावशी घ्यायला आल्या होत्या.

आता जरा थांबून, आनंदीबाई ज्या अमेरिकेत उतरल्या तिथे लोक मृत्यूनंतरच्या गोष्टींबद्दल काय मानत होते, ते बघू या. कारण आपली आणि त्यांची इथे मोठी गल्लत होते. मराठी बायबलात स्वर्ग हाच शब्द आहे, पण अर्थ निराळा. आपला स्वर्ग म्हणजे एखाद्या चांगल्या मुक्कामासारखा. पुण्याची शिल्लक असेपर्यंत राहायचं, ती संपली की पुन्हा जन्म. कायमची सुटका हवी तर मोक्ष. ख्रिस्ती श्रद्धेत जन्म एकच. मेल्यावर न्याय, आणि मग स्वर्ग किंवा नरक, तोही कायमचा. शिवाय जगाच्या शेवटी मेलेली माणसं देहासकट उठणार, म्हणून देह पुरायचा. इंग्रजीतल्या सेमेटरी या शब्दाचं मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ झोपायची जागा. पुरलेलं माणूस झोपलंय, उठणार आहे, ही कल्पना. कॅथलिक लोक मधली एक शुद्धीची अवस्था मानतात आणि दरवर्षी २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतात. प्रॉटेस्टंट लोक ती मधली अवस्था मानत नाहीत. एकच जन्म, एकच संधी. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटी विश्वास न ठेवणाऱ्यांना दोषी ठरवणारं एक वाक्य आहे, त्यावर बोट ठेवून मिशनरी आपल्याकडे उपदेश करायचे. लेकीच्या मैत्रिणीची प्रार्थना अशी फार लांबून आलेली होती.

पण आनंदीबाई आल्या तेव्हा अमेरिकेतली ही श्रद्धा आतून हलत होती. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सहा लाखांच्या वर माणसं गेली होती. घराघरात शोक. मुलगा परत भेटेल का, हा प्रश्न आयांना पडला होता आणि चर्चमधली जुनी कडक प्रवचनं त्यांना पुरेना झाली. १८६८ साली एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्स या बाईंची 'द गेट्स अजार' ही कादंबरी आली आणि प्रचंड खपली. त्यातला स्वर्ग म्हणजे जणू आपलं घरच, तिथे गेलेली माणसं आपली वाट बघताहेत. युनिव्हर्सॅलिस्ट पंथाचे लोक तर म्हणत, शेवटी देव सगळ्यांनाच जवळ करतो. दफनभूम्यासुद्धा बदलल्या. चर्चच्या अंगणातल्या दाटीतून बाहेर पडून झाडं, टेकड्या, पायवाटा असलेल्या बागांसारख्या झाल्या. पोकिप्सीची दफनभूमी त्यातलीच.

या बदलत्या जगात आनंदीबाई राहिल्या. रोझेल हे तर त्यावेळचं नवलाचं गाव. एडिसनने १८८३ च्या जानेवारीत, म्हणजे त्या येण्याच्या जेमतेम पाच महिने आधी, खांबांवरून तारा टाकून ते गाव विजेच्या दिव्यांनी उजळलं होतं. गावातल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्येही त्याच वर्षी वीज आली. कल्पना करा, घरी समई आणि कंदील बघत वाढलेली मुलगी आणि हे झगमगणारं गाव! मावशींच्या घरी त्या शाकाहार सांभाळून राहिल्या. कपाळावर कुंकू, अंगावर नऊवारी. पुढे फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी गुजराती पद्धतीने नेसायला लागल्या, एवढाच बदल.

फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० सालचं. ते काढण्यात क्वेकर पंथाच्या लोकांचा मोठा हात होता. प्रत्येक माणसाच्या आत देवाचा प्रकाश असतो असं मानणारी ही मंडळी. डीन होत्या रेचल बॉडली. त्यांनी या मुलीला प्रवेश दिला आणि पुढे तिच्यावर माया केली. १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात ओळीने बसल्या आहेत. फोटो बघताना कोण कुठल्या स्वर्गात जाणार हा विचार मनात येतसुद्धा नाही. तिघींना डॉक्टर व्हायचं होतं आणि तिघी झाल्या.

पण अभ्यास, अपुरं खाणं आणि थंडी यांनी तब्येत खाल्ली. त्यात गोपाळराव १८८५ साली अमेरिकेत येऊन थडकले आणि गावोगाव व्याख्यानं देत ख्रिस्ती धर्मावर आणि अमेरिकन रीतीरिवाजांवर तोंडसुख घेऊ लागले. ज्यांच्या घरी बायको राहते, त्यांच्याच श्रद्धेवर टीका! आनंदीबाईंची केवढी कुचंबणा झाली असेल. त्या मात्र मावशींवर प्रेम करत राहिल्या आणि स्वतःच्या धर्मावरून हलल्या नाहीत.

११ मार्च १८८६. पदवीदान समारंभ. त्या सभागृहात आणखी एक मराठी बाई बसली होती, पंडिता रमाबाई. दोघी दूरच्या नात्यातल्या. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. शास्त्रं कोळून प्यायलेल्या त्या बाईला दिसलं होतं, की बाईच्या जातीला मोक्षाचं दार जवळपास बंदच आहे. ख्रिस्ताच्या शिकवणुकीत ते दार तिला उघडं दिसलं. तरीसुद्धा इंग्लंडच्या चर्चने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी मान खाली घालून मानली नाही. ज्या सिस्टरबाईंनी त्यांना धर्मात आणलं, त्यांच्याशीच त्या पत्रांतून कडाडून वाद घालत होत्या. मला ते दृश्य फार आवडतं. एक धर्म बदललेली, एक न बदललेली, आणि एकीच्या कौतुकाला दुसरी समुद्र ओलांडून आलेली.

आणि आता गोष्टीतला तो भाग, जो मला पूर्वी माहीत नव्हता. त्याच १८८६ साली अमेरिकेतल्या ख्रिस्ती मंडळींत एक मोठं वादळ उठलं होतं. प्रश्न नेमका माझ्या लेकीचाच! ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचं नावच पडलं नाही असे कोट्यवधी लोक मेल्यावर कुठे जातात? मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर या धर्मशिक्षणाच्या संस्थेतले प्राध्यापक म्हणू लागले, की देव न्यायी असेल तर अशा माणसांना मृत्यूनंतर तरी एक संधी मिळत असली पाहिजे. जुन्या मताचे लोक खवळले. मेल्यावर संधी मिळत असेल तर मग मिशनरी पाठवायचे कशाला, असा त्यांचा सवाल. पाच प्राध्यापकांवर धर्मसिद्धान्त मोडल्याचा आरोप झाला. त्यातल्या एकाला १८८७ साली दोषी ठरवलं. प्रकरण पार मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८९१ साली तो निर्णय रद्द झाला.

या वादळात सापडलेला एक माणूस तर चक्क आपल्या नगरचा होता! रॉबर्ट ह्यूम. जन्म मुंबईचा, १८४७ सालचा, आईवडील मिशनरी. १८७४ पासून स्वतः अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये. कवी ना. वा. टिळकांनी पुढे नगरला ज्यांच्याबरोबर काम केलं, तेच हे ह्यूमसाहेब. १८८६ साली ते रजेवर अमेरिकेत होते. अँडोव्हरच्या एका समारंभात त्यांनी या नव्या मताला सहानुभूती दाखवली. झालं! बोस्टनच्या मिशन बोर्डाने त्यांना हिंदुस्थानात परत पाठवायचं की नाही, यावरच घोळ घातला. वाद होत होत अखेर १८८७ साली त्यांना परवानगी मिळाली. नगरच्या खेड्यांत फिरणाऱ्या माणसाला असं का वाटलं असेल, हे कळायला विद्वान व्हावं लागत नाही. तुम्ही म्हणता ते खरं असेल तर आमचे आजेपणजे नरकात का, हा प्रश्न अशा माणसासमोर उभा राहणारच. आणि समोर भली माणसं बसलेली असताना हो म्हणणं सोपं नसतं.

बोस्टनमध्ये हा काथ्याकूट चालू असताना आनंदीबाई मायदेशी निघाल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी तयार होती. पण क्षयाने पोखरलं होतं. १८८६ च्या नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या आजारीच. पुण्यात वैद्यांचे उपाय झाले. ज्या पुण्याने नावं ठेवली असती, त्याच पुण्यातले लोक भेटायला येऊ लागले. २६ फेब्रुवारी १८८७ ला आनंदीबाई गेल्या. बावीस पुरी व्हायला महिना राहिला होता. एकाही रोग्याला त्या कोल्हापुरात तपासू शकल्या नाहीत. दिलेला शब्द मात्र पाळला होता. हिंदू म्हणून गेल्या, हिंदू म्हणून आल्या. अग्नीही हिंदू रीतीनेच मिळाला.

आणि मग गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या. या माणसाच्या डोक्यात काय चाललं असेल सांगता येत नाही. गंगा नाही, गोदावरी नाही, थेट मावशी! ज्यांच्या धर्मावर त्यांनी जाहीर सभांतून टीका केली, त्यांच्याच हाती बायकोचं शेवटचं जे काही होतं ते सोपवलं. मला वाटतं, या वेड्या माणसाने आयुष्यात केलेली ही सगळ्यात शहाणी गोष्ट असावी.

त्यावेळच्या अमेरिकेत हे किती वेगळं होतं बघा. दहनासाठीची इथली पहिली भट्टी १८७६ साली पेनसिल्वेनियात सुरू झाली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. देह जाळला तर शेवटच्या दिवशी उठणार काय, ही धास्ती. कॅथलिक चर्चने तर १८८६ साली दहनाला बंदीच घातली, ती १९६३ साली उठली. आज अमेरिकेत निम्म्याहून जास्त लोकांचं दहन होतं. पण त्या काळी जाळलेल्या, बाप्तिस्मा न झालेल्या परक्या मुलीच्या अस्थी कार्पेंटर मावशींनी आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. पुनरुत्थानाच्या आशेने झोपलेल्या आपल्या माणसांच्या शेजारी. बोस्टनच्या विद्वानांचं अजून ठरत नव्हतं. मावशींनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं, की ही आमची आहे आणि आमच्यातच राहील.

कॅरोलाइन डॉल या बाईंनी १८८८ सालीच इंग्रजीत आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं. काशीबाई कानिटकरांचं मराठी चरित्र त्याच्या पाठोपाठ आलं. चर्चही बदलत गेली. १९६४ साली कॅथलिक चर्चने व्हॅटिकनच्या परिषदेत मान्य केलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे सच्च्या मनाने देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. सगळ्या पंथांचं यावर एकमत आजही नाही, आणि ते आपण समजून घ्यायला हवं. लेकीच्या मैत्रिणीच्या घरी जे शिकवतात, ते द्वेषाने शिकवत नाहीत. उलट आपल्या आवडत्या माणसाची कायमची ताटातूट होईल, या भीतीपोटीच ती चिमुरडी प्रार्थना करत होती.

दगडापाशी मी लेकीला ही सगळी गोष्ट तिला समजेल अशी सांगितली. मेल्यावर काय होतं ते मला ठाऊक नाही, हेही सांगितलं. आपल्याकडे एक समजूत आहे, ख्रिस्ती लोकांची दुसरी आहे, त्यांच्यातही आपसांत वाद आहेत. पण माझं ज्याच्यावर प्रेम आहे ते माणूस परत भेटावं, ही इच्छा सगळीकडे सारखीच. मैत्रिणीवर रागवू नकोस, तिला या आनंदीबाईंची गोष्ट सांग, असं म्हटलं. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, मावशी आणि आनंदीबाई भेटल्या असतील का? मी म्हटलं, इथे तर शेजारीशेजारी आहेतच की!

यंदा धनत्रयोदशीला आम्ही यमदीपदानाचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून डेकवर ठेवणार आहोत. आजीच्या नावाचा एक, आणि लेकीच्या आग्रहाखातर शेजारी आणखी दोन, आनंदीबाईंचा आणि त्यांच्या मावशींचा. तुमच्यापैकी कुणी ह्युडसनकाठी गेलात, तर पोकिप्सीला जरूर थांबा. आपल्यातली एक तिथे कधीची येऊन राहिली आहे. आणि तिला ज्यांनी ठेवून घेतलं, त्यांच्यासाठीही दोन फुलं न्या.